नेटवर्कवरून डेबियन १२: फाइल जागेवर आहे, तरी 'कॉन्फिगरेशन फाइल सापडली नाही'

प्रयोगशाळा_४० (धागाकर्ता)

संगणक ४०. त्यांतले २२ जुने, बायोसवाले (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारे जुने फर्मवेअर). १८ नवे, फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले नवे फर्मवेअर). सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार; १२ चे टोपणनाव बुकवर्म) नेटवर्कवरून चढवायचे आहे. सर्व्हर १९२.१६८.१०.५ वर असून त्यावर डीएनएसमास्क चालते. डीएचसीपी (यंत्राला आयपी पत्ता आणि बूट फाइलचे नाव सांगणारी सेवा) आणि टीएफटीपी (त्या फाइली पाठवणारी साधी सेवा) दोन्ही तेच देते. फाइलनावे खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, सर्व्हरवर ती रोमन स्मॉल अक्षरांत आहेत.

सध्याची मांडणी अशी:

टीएफटीपीचे मूळ फोल्डर '/एसआरव्ही/टीएफटीपी'. डेबियनची 'नेटबूट.टार.जीझेड' विंडोजवर उलगडून पेनड्राइव्हने सर्व्हरवर आणली आणि आतले सगळे 'बुकवर्म' या उपफोल्डरमध्ये ठेवले, कारण पुढे डेबियन १३ पण शेजारी ठेवायचे आहे. बायोससाठी बूट फाइल 'बुकवर्म/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/पीएक्सईलिनक्स.०' अशी दिली आहे; पीएक्सईलिनक्स म्हणजे नेटवर्कवरून कर्नल आणून सुरू करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर. यूईएफआयसाठी त्याच फोल्डरातली 'बूटनेटएक्स६४.ईएफआय'.

बायोसवाल्यांवर आधी 'एलडीलिनक्स.सी३२ लोड झाली नाही' असे आले. ती फाइल पीएक्सईलिनक्सच्या शेजारी कॉपी केल्यावर तो एरर गेला, पण आता 'कॉन्फिगरेशन फाइल सापडली नाही' म्हणून थांबते. '/एसआरव्ही/टीएफटीपी/पीएक्सईलिनक्स.सीएफजी/डिफॉल्ट' ही फाइल आहे, परवानगी ६४४ आहे. यूईएफआयवाले सरळ ग्रब या दुसऱ्या बूटलोडरच्या काळ्या 'ग्रब>' प्रॉम्प्टवर जातात. प्रीसीड फाइलही (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली) टीएफटीपीच्या मूळ फोल्डरात ठेवली आहे, पण तिथपर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही.

---

मूळफोल्डर

फाइल आहे हे खरे, पण यंत्र ती तिथे मागतच नाही. टीएफटीपीमध्ये फोल्डरातल्या फाइलींची यादी मागायची सोयच नसते. क्लायंट एकेक पूर्ण नाव घेऊन मागतो. सर्व्हर 'घे' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. शोधाशोध होत नाही. म्हणून फाइल इकडून तिकडे हलवण्याआधी यंत्राने नेमके कोणते नाव मागितले ते बघा.

डीएनएसमास्कच्या कॉन्फिगमध्ये 'लॉग-डीएचसीपी' ही ओळ घाला आणि सेवा पूर्ण रीस्टार्ट करा. नुसता रीलोडचा सिग्नल दिला तर डीएनएसमास्क आपली मुख्य कॉन्फिग फाइल पुन्हा वाचत नाही, तेव्हा बदल केला तरी जुनेच चालू राहते. मग 'जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -एफ' चालू ठेवून एकच बायोस मशीन बूट करा. मिळालेल्या फाइलीसमोर 'सेंट' दिसेल, न मिळालेल्या फाइलीसमोर पूर्ण पाथसह 'नॉट फाउंड'.

पीएक्सईलिनक्स ११ नावे मागते, ती ठरलेल्या क्रमाने:

पहिले नाव मशीनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. दुसरे '०१-' आणि पुढे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), मध्ये कोलनऐवजी आडव्या रेघा, अक्षरे स्मॉल. त्यानंतर आयपी पत्ता सोळाच्या पायात, इथे मात्र अक्षरे कॅपिटल. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५७ चे 'सी०ए८०ए३९'. ते नाही मिळाले की शेवटचा अंक गाळून 'सी०ए८०ए३', मग 'सी०ए८०ए', असे करत एकट्या 'सी' पर्यंत; ही ८ नावे. अकरावे 'डिफॉल्ट'.

ही ११ नावे कोणत्या फोल्डरखाली मागितली जातात ते इथे टाका.

---

प्रयोगशाळा_४०

११ ओळी आल्या. सगळ्या '/एसआरव्ही/टीएफटीपी/बुकवर्म/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/पीएक्सईलिनक्स.सीएफजी/' खाली. शेवटची 'डिफॉल्ट', तीही नॉट फाउंड. मग माझी 'डिफॉल्ट' फाइल या फोल्डरात हलवली की झाले का?

---

मूळफोल्डर

नाही. तेवढ्याने पुढच्या पायरीवर अडाल. कारण आधी नीट समजून घ्या.

पीएक्सईलिनक्स ज्या फोल्डरातून आले ते फोल्डर ते आपले घर मानते. बूट फाइलच्या नावातला शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग, म्हणजे 'बुकवर्म/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/', हा यापुढच्या प्रत्येक साध्या पाथच्या आधी जोडला जातो. '/एसआरव्ही/टीएफटीपी' खालचे 'पीएक्सईलिनक्स.सीएफजी' त्याच्या घराबाहेर आहे, म्हणून त्याला दिसले नाही.

आता दुसरी गोष्ट. डेबियनच्या नेटबूट गठ्ठ्यातली मेनूची फाइल मूळ फोल्डर गृहीत धरून लिहिलेली आहे. तिच्यात 'इन्क्लूड डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूट-स्क्रीन्स/मेनू.सीएफजी' अशा ओळी आहेत. घर आधीच 'डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/' असेल तर तो पाथ दुप्पट होतो: '…/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूट-स्क्रीन्स/…'. लॉगमध्ये असा जोडपाथ दिसला की समजायचे, बूट फाइल चुकीच्या पातळीवरून दिली आहे.

डेबियनने याची सोय करून ठेवलेली असते. गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या पातळीवर 'पीएक्सईलिनक्स.०', 'पीएक्सईलिनक्स.सीएफजी' आणि 'एलडीलिनक्स.सी३२' या तीन सिमलिंक असतात, आतल्या खऱ्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या. आतली 'डिफॉल्ट' सुद्धा 'बूट-स्क्रीन्स/सिसलिनक्स.सीएफजी' कडे जाणारी लिंकच आहे. पेनड्राइव्हच्या फॅट फाइल सिस्टिमला सिमलिंक माहीतच नाही, तिथे या लिंका गळाल्या. म्हणून तुम्हाला वर बूट फाइल दिसली नाही, म्हणून तुम्ही आतला पाथ दिला, म्हणून 'एलडीलिनक्स' हाताने आणावी लागली. बायोसच्या सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणाहून निघाल्या आहेत.

करायचे असे. 'बुकवर्म' फोल्डर रिकामे करा. 'एलडीलिनक्स' ची हाताने ठेवलेली प्रतही काढा, नाहीतर पुढे आवृत्ती बदलली की ती जुनी प्रत नव्या पीएक्सईलिनक्सशी भांडेल. सिसलिनक्स ५ पासून ही दोन्ही एकाच आवृत्तीची असावी लागतात. मग गठ्ठा सर्व्हरवरच उलगडा: 'टार -एक्सझेडएफ नेटबूट.टार.जीझेड -सी /एसआरव्ही/टीएफटीपी/बुकवर्म', यातला 'सी' कॅपिटल. 'एलएस -एल' करून बाणासकट लिंका दिसतात याची खात्री करा. आणि कॉन्फिगमध्ये:

टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी/बुकवर्म
डीएचसीपी-बूट=पीएक्सईलिनक्स.०

फोल्डर ७५५, फाइली ६४४. रीस्टार्ट विसरू नका.

---

सर्व्हरखोली

यूईएफआयचे दुखणे वेगळे आहे. तिथे 'बूटनेटएक्स६४.ईएफआय' म्हणजे शिम, ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम. ते आपल्याच फोल्डरातून 'ग्रबएक्स६४.ईएफआय' मागते. तुम्हाला 'ग्रब>' दिसतो याचा अर्थ इथवर सगळे ठीक आहे. पुढे मात्र ग्रब पीएक्सईलिनक्ससारखे 'मी कुठून आलो' ते बघत नाही. डेबियनच्या या ग्रबमध्ये बांधणीच्या वेळीच पाथ कोरलेला आहे: '/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/ग्रब'. तो टीएफटीपीच्या मुळापासून मोजला जातो. तुमच्याकडे मुळाखाली आधी 'बुकवर्म' येते, म्हणून 'ग्रब.सीएफजी' मिळाली नाही आणि प्रॉम्प्ट आला.

खातरजमा करायची तर त्या प्रॉम्प्टवर 'सेट' टाइप करून एंटर दाबा. 'प्रीफिक्स' च्या समोर काय आहे ते वाचा. तीच जागा ग्रब धुंडाळते. तिथूनच 'कॉन्फिगफाइल' आज्ञा आणि पूर्ण पाथ देऊन मेनू हाताने उघडूनही बघता येतो. मेनू उघडला तर फाइल चांगली आहे, फक्त जागा चुकली आहे.

'मूळफोल्डर' यांनी दिलेल्या टीएफटीपी-रूटच्या ओळीने हे आपोआप सुटेल. त्याखाली या ओळी घाला:

डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय६४,ऑप्शन:क्लायंट-आर्च,७
डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय६४,ऑप्शन:क्लायंट-आर्च,९
डीएचसीपी-बूट=टॅग:ईएफआय६४,डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूटनेटएक्स६४.ईएफआय

६४ बिटी यूईएफआय मशीन बहुतेक वेळा ७ सांगते, काही फर्मवेअर ९. बायोस ० सांगते, त्याला टॅग नसलेली ओळ लागू होते.

डेबियन १३ शेजारी ठेवण्याबद्दल: त्याच्याही ग्रबमध्ये हाच पाथ कोरलेला आहे, त्यामुळे दोन गठ्ठे शेजारी ठेवून आपोआप दोन मेनू मिळणार नाहीत. तेव्हा मूळ पुन्हा '/एसआरव्ही/टीएफटीपी' करा, '/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/ग्रब/ग्रब.सीएफजी' ही एकच मुख्य मेनूफाइल स्वतः लिहा आणि तिच्यात '/बुकवर्म/डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/लिनक्स' असे पूर्ण पाथ द्या, इनिटआरडीचेही (कर्नलबरोबर लोड होणारी सुरुवातीची तात्पुरती फाइल सिस्टिम) तसेच. आतल्या तयार मेनूला जोडून भागत नाही, कारण त्याच्या ओळीही मुळापासूनच सुरू होतात. बूट फाइलच्या पाथमध्येही मग 'बुकवर्म/' लागेल. पण आधी १२ एकटे चालू करा.

---

तारजोडणी

पुढची अडचण येण्याआधीच सांगतो: प्रीसीड टीएफटीपीमधून उचलून वेबसर्व्हरवर ठेवा. इथे मागणारा बदलतो. बूटलोडरने कर्नल आणि इनिटआरडी आणले की टीएफटीपीचे काम संपते. त्यापुढे इन्स्टॉलर स्वतः नेटवर्क उभे करतो आणि कर्नलच्या ओळीवर जो पत्ता लिहिला असेल तिथून एचटीटीपीने फाइल आणतो. त्याचे मूळ म्हणजे वेबसर्व्हरचे मूळ, सहसा '/व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल'.

कर्नलच्या ओळीत 'ऑटो=ट्रू प्रायॉरिटी=क्रिटिकल यूआरएल=एचटीटीपी://१९२.१६८.१०.५/प्रीसीड.सीएफजी' द्या. 'ऑटो=ट्रू' गाळले तर भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न प्रीसीड यायच्या आधीच विचारले जातात आणि वाटते की फाइल वाचलीच नाही.

एक फसगत अशी: पत्ता आखूड करून नुसते 'यूआरएल=१९२.१६८.१०.५' दिले तरी इन्स्टॉलर तक्रार करत नाही, पण स्वतःच पुढचा पाथ जोडतो: '/डी-आय/बुकवर्म/./प्रीसीड.सीएफजी'. मुळात ठेवलेली फाइल मग सापडत नाही. वेबसर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये ४०४ ची ओळ बघितली की मागितलेला पाथ अक्षरशः लिहिलेला मिळतो.

इन्स्टॉल चालू असताना ऑल्ट-एफ४ वर त्याचा लॉग, ऑल्ट-एफ२ वर शेल. शेलमध्ये '/प्रोक/सीएमडीलाइन' वाचा. मेनूत केलेला बदल तिथे नसेल तर तुम्ही भलतीच मेनूफाइल सुधारली आहे. बायोसची आणि यूईएफआयची मेनूफाइल वेगळी असते, एकीत ओळ घालून दुसरी राहून जाणे अगदी नेहमीचे. प्रीसीडचे व्याकरण आधीच तपासायला 'डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स -सी' आहे, स्मॉल 'सी'. त्यात काही बदलत नाही, फक्त तपासणी होते.

आणि इनिटआरडी नेटबूटचीच हवी. डीव्हीडीमधल्या फोल्डरातली उचलली तर ती इन्स्टॉलेशनची डिस्क शोधत बसते. नेटबूटची पण जुनी असली तर 'कर्नल मॉड्यूल सापडली नाहीत' असे येते, कारण मिररवरचे (डेबियनच्या डाउनलोड सर्व्हरवरचे) कर्नल पुढे गेलेले असते. अशा वेळी नवीन गठ्ठा उतरवून उलगडायचा, मेनूत काही शोधायचे नाही.

---

कातळशिल्प

याच धाग्यात विचारतो. रॉकी लिनक्स ९ साठी आयएसओ माउंट करून आतले सगळे वेबसर्व्हरवर कॉपी केले. कर्नल सुरू होते, मग बराच वेळ 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' च्या ओळी आणि शेवटी आणीबाणीचे शेल. किकस्टार्ट फाइल (रॉकीची, प्रीसीडसारखी उत्तरांची फाइल) ब्राउझरमध्ये उघडते.

---

तारजोडणी

कॉपी करताना तारांकन वापरले का, म्हणजे 'सीपी -आर /एमएनटी/* …' असे? त्यात टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली सुटतात. आयएसओच्या मुळाशी '.ट्रीइन्फो' असते; इन्स्टॉलर तीच वाचून दुसऱ्या टप्प्याची प्रतिमा 'इमेजेस/इन्स्टॉल.आयएमजी' कुठे आहे ते ठरवतो. साध्या 'एलएस' मध्येही ती दिसत नाही, 'एलएस -ए' करावे लागते. पुन्हा कॉपी करा: 'सीपी -ए /एमएनटी/. ' आणि पुढे ठिकाण. तारांकनाऐवजी टिंब.

कर्नलच्या ओळीतल्या 'इन्स्ट.रेपो' मधला पत्ता '.ट्रीइन्फो' जिथे आहे त्या फोल्डरचा द्या, 'इमेजेस' चा नाही. 'केएस=' असे जुने नाव वापरत असाल तर ९ मध्ये ते दुर्लक्षिले जाते, 'इन्स्ट.केएस=' च हवे.

---

कातळशिल्प

तारांकनच होते. '.ट्रीइन्फो' आणल्यावर दुसरा टप्पा आला. आता ज्या मशीनला दोन नेटवर्क कार्डे आहेत तिथे किकस्टार्ट मिळत नाही.

---

सर्व्हरखोली

तिथे बूट एका कार्डावरून होते आणि इन्स्टॉलर दुसरे पकडतो. पीएक्सईलिनक्सच्या मेनूत त्या लेबलखाली 'आयपीअपेंड २' ही ओळ घाला. ज्या कार्डावरून बूट झाले त्याचा मॅक पत्ता 'बूटआयएफ=' म्हणून कर्नलला पोचतो आणि तेच कार्ड वापरले जाते. ओळीत 'आयपी=डीएचसीपी' पण ठेवा.

रॉकीवरच टीएफटीपी सर्व्हर चालवत असाल तर एसईलिनक्स (फाइलींना लेबले लावून कोणी काय वाचायचे ते ठरवणारी सुरक्षा) लक्षात ठेवा. घरच्या फोल्डरातून 'एमव्ही' ने आणलेली फाइल आपले जुने लेबल घेऊन येते आणि ६४४ असूनही सर्व्हरला वाचता येत नाही. 'रिस्टोरकॉन -आर -व्ही /व्हीएआर/लिब/टीएफटीपीबूट' चालवा, त्यातला 'आर' कॅपिटल. एसईलिनक्स बंद करून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. एका आज्ञेचे काम आहे.

---

निळी_शाई

उबंटूवाल्यांसाठी भर घालतो, कारण तिथे चुका वेगळ्या होतात. ऑटोइन्स्टॉलला (प्रश्न न विचारता इन्स्टॉल करण्याची उबंटूची सोय) एक फाइल पुरत नाही, एका फोल्डरात दोन लागतात: 'यूजर-डेटा' आणि 'मेटा-डेटा'. दुसरी रिकामी चालते, पण असायला हवी. दोन्हींना एक्स्टेंशन नाही. विंडोजवर नोटपॅडने जतन केल्यास गुपचूप '.टीएक्सटी' चिकटते आणि विंडोज ते लपवून ठेवते. 'यूजर-डेटा' ची पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग' अशीच हवी. तिच्या आधी एक अदृश्य बीओएम खूण आली तरी फाइल ओळखली जात नाही.

कर्नलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल डीएस=नोक्लाउड-नेट;एस=एचटीटीपी://१९२.१६८.१०.५/उबंटू/' असे लिहितात. शेवटची तिरपी रेघ महत्त्वाची, कारण फाइलचे नाव तिच्या पुढे जसेच्या तसे चिकटते. आणि ग्रबमध्ये अर्धविराम म्हणजे आज्ञेचा शेवट. अवतरणात न घालता लिहिला तर त्यापुढचा पत्ता कर्नलपर्यंत जातच नाही, इन्स्टॉलर प्रश्न विचारत बसतो. पूर्ण तुकडा दुहेरी अवतरणात घाला. हीच ओळ पीएक्सईलिनक्समध्ये अवतरणाशिवाय चालते, म्हणून बायोसवर चालले आणि यूईएफआयवर नाही असे दिसते.

फाइल विंडोजवर लिहिली असेल तर 'फाइल' आज्ञेने तपासा. 'सीआरएलएफ' (विंडोजच्या पद्धतीच्या ओळ संपण्याच्या खुणा) असे उत्तर आले तर 'डॉसटूयुनिक्स' ने साफ करा. हे प्रीसीड आणि किकस्टार्टलाही लागू.

---

प्रयोगशाळा_४०

सर्व्हरवरच उलगडले, लिंका दिसल्या, मूळ बदलले. १८ ही यूईएफआय मशीनवर मेनू आला, प्रीसीड वेबसर्व्हरवरून उचलली गेली. बायोसच्या २२ पैकी १७ ठीक. उरलेली ५ जुना चाचणी मेनू दाखवतात, ज्यात प्रीसीडची ओळ नाही. 'डिफॉल्ट' मध्ये तर नवाच मेनू आहे. लॉगमध्ये त्यांच्यासमोर 'डिफॉल्ट' ची ओळ येतच नाही.

---

मूळफोल्डर

या पाचांचे आयपी ४८ ते ६३ च्या दरम्यान आहेत का? आणि 'पीएक्सईलिनक्स.सीएफजी' मध्ये 'सी०ए८०ए३' नावाची फाइल आहे का?

---

प्रयोगशाळा_४०

दोन्ही हो. ५२, ५३, ५७, ६०, ६१. नवीन गठ्ठ्यात ती फाइल नव्हती, चाचणीच्या जुन्या फाइली परत आणताना तीही आली.

---

मूळफोल्डर

सोळाच्या पायात ३० ते ३एफ म्हणजे आपले ४८ ते ६३. 'सी०ए८०ए३' हे नाव त्या १६ पत्त्यांना लागू पडते आणि ते 'डिफॉल्ट' च्या आधी विचारले जाते, म्हणून पाच यंत्रे तिथेच थांबली. ती फाइल काढा. एखाद्याच मशीनवर चाचणी करायची असेल तर मॅक पत्त्याच्या नावाने फाइल करा, '०१-' विसरू नका. पूर्ण प्रयोगशाळेसाठी वेगळा मेनू हवा असेल तर 'सी०ए८०ए', तो १९२.१६८.१० चे सगळे पत्ते धरतो.

---

प्रयोगशाळा_४०

काढली. पाचही मशीनवर नवा मेनू आला, लॉगमध्ये आता 'डिफॉल्ट' समोर 'सेंट' दिसते. ४० ही चालू आहेत.